लाडू टोकाला कवा पोचतो?

ज्या उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं, त्या उन्हाळ्यात मला वेड लागलं होतं असं आमच्या घरात अजून सांगतात. सांगणाऱ्यांतले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते, पण सांगतात मात्र डोळ्यांनी पाहिल्यासारखं. वेड म्हणजे काय, तर मी मांडवाच्या खांबाला मिठी मारून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते आणि वाढप्यांना ओरडून सांगत होते, "कुनी मधी पडू नका, चालू द्या!" एवढं खरं आहे. नवरी माझी चुलत बहीण, वऱ्हाड शिरवळकडचं, पंगत भरात आलेली, आणि घरची शिकलेली पोरगी खांबाला धरून खिदळतेय म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार?

पण त्या पंगतीवर माझं सगळं पुढचं आयुष्य अडकलेलं होतं. ते कसं, हे आधी सांगते.

माझे आई-वडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं वडिलांच्या थोरल्या भावानं आणि काकीनं. चुलत्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. कुंडलजवळ आमचं गाव, उसाची जमीन, आणि आबा फौजेत सुभेदार. दुसरं महायुद्ध संपल्यावर ते पेन्शन घेऊन घरी आले, ते फौज बरोबर घेऊनच. आमचे बैलसुद्धा दावणीला ओळीत उभे राहायचे. जेवायला बसताना ताटं एका रेषेत नसली तर आबा एक शब्द न बोलता वाकून ती सरळ करायचे आणि मगच मांडी घालायचे.

माजघरात खुंटीला त्यांची फौजेतली पाण्याची बाटली लटकायची. खाकी लोकरी आवरण, बुचाला साखळी. पाणी प्यायचे ते तिनंच. आम्हा पोरांना तिला हात लावायची बंदी होती, म्हणजे मी लावलाच. आवरण थोडं खाली ओढलं तर पत्र्यावर कुणाचा तरी नंबर कोरलेला होता, आणि तो आबांचा नव्हता. विचारलं तेव्हा "पलटनीतली हाय" एवढंच म्हणाले आणि विषय मिटला.

माया बोलून दाखवायची त्यांना सवय नव्हती. "चपला झिजल्या काय गं?" असं विचारलं की समजायचं, आज स्वारी फार खूश आहे. पण ज्या गावात मुलीनं सातवीच्या पुढं जाणं म्हणजे चेष्टेचा विषय, त्या गावातून त्यांनी मला सांगलीला वसतिगृहात ठेवून बी.एस्सी. केलं. भावकीनं नावं ठेवली. आबा म्हणाले, "रंगरुटात येकांदा हुशार निगतो. त्याला काय म्हागं ओढायचं?" भावकी गप्प बसली. आबांपुढं सगळेच गप्प बसायचे, फक्त काकी सोडून.

सांगलीच्या कॉलेजात आमचे पदार्थविज्ञानाचे सर विलक्षण होते. विलायतेहून बोटीनं येणारी मासिकं ते उभ्या उभ्या वाचायचे आणि चहा गार करायचे. एका मासिकातून डोकं वर काढून त्यांनी मला एक प्रश्न सांगितला, आणि मी त्या प्रश्नाच्या सरळ सरळ प्रेमात पडले.

प्रश्न असा. काही स्फटिकांत अणू एका रांगेत असतात, एकापुढं एक. प्रत्येक अणू म्हणजे इवलासा लोहचुंबक. त्याचं तोंड एकतर वर, नाही तर खाली. या त्याच्या गुणाला स्पिन म्हणतात. शेजारचे दोन अणू आपापली तोंडं अदलाबदल करतात: तुझं वर मला, माझं खाली तुला. व्यवहार फक्त शेजाऱ्याशी, पलीकडच्याशी नाही. त्यात स्फटिक चांगला तापलेला, म्हणजे रांगेत शिस्त म्हणून उरलेली नाही. कोण वर, कोण खाली, कशाला काही धरबंध नाही. आता अशा गोंधळात रांगेच्या मधोमध 'वर' तोंडवाले थोडे जास्त झाले. ते जास्तीचं 'वर' विरून जाऊ शकत नाही, कारण अदलाबदलीत एकूण बेरीज तीच राहते. मग ते पसरतं कसं? किती वेळात किती लांब जातं?

झालं. मी रस्त्यानं चालताना कडेची झाडं वर-खाली, वर-खाली म्हणत चालायला लागले. सायकलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. सरांनी बंगलोरच्या एका संस्थेला लिहून माझ्यासाठी जागा मिळवली, राहण्याखाण्याची सोय झाली, आणि मी ही बातमी घेऊन नाचत गावी आले.

आबा ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तितं जाऊन तू करनार काय?" त्यांनी विचारलं.

"संशोधन."

"त्ये कळलं. पर कशाचं? मला समजंल आसं सांग. ताईच्या लग्नापतोर मुदत. मला समजलं, तर मी सोता मिरजंच्या ठेसनावर तुला गाडीत बशिवतो. न्हाई समजलं, तर विट्याच्या वकिलाला व्हय म्हनून सांगतो. जे मला समजत न्हाई तितं मी घरची पोर कशी धाडू?"

यात कावा नव्हता. आबांना खरोखरच कळून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच मला पळवाट उरली नव्हती. विट्याच्या वकिलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. बिचारा बघायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला, चहा तुम्ही केलात का. मी केलेला नव्हता. तसं सांगितलं. त्यावर त्याला पुढं काय बोलावं सुचेना आणि मलाही. उरलेलं आयुष्य आम्ही दोघं त्या चहापुढंच बसून राहणार, असं मला दिसायला लागलं.

मी कंबर कसली. पहिला हल्ला दुसऱ्याच दिवशी केला.

"आबा, अणूला स्पिन आसतं."

"म्हंजी?"

"म्हंजी फिरतो. भोवऱ्यावानी."

"आसं व्हय. मग समजलं की."

"पर तो खरा फिरत न्हाई."

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "फिरत न्हाई?"

"न्हाई."

"मग फिरतो कशापायी म्हनलीस?"

"इंग्रजांनी नाव तसं ठिवलंय."

"इंग्रज गेला," आबा म्हणाले. "नाव बदला."

काकी आतून मोठ्यानं हसली. मीही हसले, पण एक दिवस वाया गेला होता.

मग मला वाटलं, मी किती मूर्ख! ज्या माणसानं जन्मभर रांगा उभ्या केल्या त्याला भोवरे कशाला दाखवायचे? मी अंगणात पाट्याचा वरवंटा, तांबे, फुलपात्री, हाताला येईल ते ओळीत मांडलं. म्हटलं, ही पलटण. काही जवानांची तोंडं वर, काहींची खाली. शेजारचे दोघं अदलाबदल करतात. आबा खुर्ची ओढून पुढं सरकले. डोळे चमकले. मला वाटलं, जिंकलं!

"हुकूम कोन देतो?" त्यांनी विचारलं.

"कुनीच न्हाई."

"हवालदार?"

"न्हाई."

"मग कवा वळायचं, कुनाशी बदलायचं, कसं कळतं त्यास्नी?"

"कळत न्हाई, आबा. मनाला यील तसं. तापलेला स्फटिक हाय ना. कुनी कुनाचं ऐकत न्हाई."

आबा उठून उभे राहिले. त्यांचा आवाज आता परेडच्या मैदानाच्या मापाचा झाला होता. "हुकूम न्हाई, हवालदार न्हाई, कुनी कुनाचं ऐकत न्हाई! ती पलटन हाय का शेरडं? आनि हे बगायला तू चार सालं बंगलोरला जानार? आगं, हे बगायचं तर ग्रामपंचायतीत जाऊन बस!"

"पर आबा, त्यातबी नियम हाय. कुनी न सांगता बी..."

"हुकमाबिगार रांग ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. माजघरातल्या खुंटीकडं त्यांची नजर गेली आणि परत आली. तांबे उचलून फडताळात ठेव म्हणाले आणि मळ्याकडं निघून गेले.

त्यानंतर लग्नाची धांदल सुरू झाली आणि माझी मुदत मांडवाच्या मेढींबरोबर जमिनीत गाडली जाऊ लागली. मी दळणाच्या जात्यावर बसून आबांना कसं समजवायचं याचा विचार करायची. जातं गोल फिरायचं, रांग कुठंच नव्हती. काकी म्हणायची, "नीट दळ गं, भरड निगतंय." विट्याहून वकिलाच्या मामाचा निरोप आला की लग्नाला येतोच आहोत, तेव्हाच काय ते बोलून टाकू. मी पार घायकुतीला आले.

लग्न लागलं. टळटळीत दुपार, वैशाखाचं ऊन. आमची गल्ली अरुंद, त्यामुळं मांडव बोळासारखा लांबच लांब. भिंतीला पाठ लावून पुरुषांची एकच रांग बसली, समोर वाढप्यांना ये-जा करायला तेवढी वाट. दुसऱ्या रांगेला जागाच नव्हती. बायकांची पंगत नंतर. रांगेच्या बरोबर मधोमध नवऱ्या मुलाचे वडील, म्हणजे आबांचे नवे व्याही. दोन्ही बाजूंना पाहुणे, गावकरी, फेटे, टोप्या, मिशा. अगदी शेवटच्या टोकाला आमच्या भावकीतले एक थकलेले म्हातारे, मांडीवर हात ठेवून शांत बसलेले.

आणि आबांनी दोन चुका केल्या. आमच्याकडचा यजमान याच दोन चुका करू शकतो, तिसरी त्याला सुचायची नाही.

पहिली म्हणजे हुकूम. रेशनचे दिवस होते, धान्य महाग. आबा मांडवाच्या मध्यावर उभे राहून गरजले, "मंडळी, पोटभर खावा, पर शीत वाया जाता कामा न्हाई. पत्रावळ साफ झाल्याबिगार कुनी उठायचं न्हाई. शेवटला मानूस साफ, मगच पंगत उठंल!"

दुसरी म्हणजे आग्रह. आमच्याकडं व्याह्याला आग्रह करायचा तो त्यानं हात जोडेपर्यंत, आणि व्याह्यानं हात जोडायचे नाहीत ते प्राण कंठाशी येईपर्यंत. 'नको' हा शब्द पहिले काही वेळा कुणाला ऐकूच येत नाही. जेवणं संपत आली, सगळे तुडुंब झाले, लोकांनी फेटे सैल केले, तेव्हा आबा स्वतः परात घेऊन व्याह्यांपुढं आले. गुळाच्या पाकातले बुंदीचे लाडू. व्याही "नको नको" म्हणेपर्यंत पत्रावळीवर लाडवांची रास उभी राहिली. आबा समाधानानं मिशीवर हात फिरवून पुढं गेले.

मी पाण्याचा तांब्या घेऊन मधोमधपासून पहिल्या खांबाजवळ उभी होते. व्याह्यांचा चेहरा मला दिसत होता. खाल्ले तर मरण, टाकले तर यजमानाचा अपमान आणि सुभेदाराचा हुकूम मोडला. त्यांनी डावीकडं पाहिलं. डावीकडचा पाहुणा मान वर करून पाणी पीत होता. व्याह्यांनी समोर बघत बघत, चेहरा देवळात बसल्यासारखा ठेवून, दोन लाडू हळूच त्याच्या पत्रावळीवर सरकवले.

मग उजवीकडं.

पाणी पिणाऱ्यानं मान खाली केली. साफ पत्रावळीवर दोन लाडू! त्यानं वाढप्याच्या पाठीकडं संशयानं पाहिलं, व्याह्यांकडं पाहिलं, व्याही खांबाकडं बघत होते. त्यानं क्षणभर विचार केला आणि एक लाडू पलीकडच्या मास्तरांना दिला. दिला म्हणजे मास्तर ढेकर देत असताना ठेवला. मास्तरांनी तो पुढं ढकलला, तेवढ्यात पुढच्यानं त्यांना आणखी एक परत केला. लाडू जात होते, येत होते, परत जात होते. सगळे मोठे मानकरी, तोंडं गंभीर, वर लग्नाच्या, शेतीच्या गप्पा, आणि खाली पत्रावळींवर नुसता धुमाकूळ. कुणाला हुकूम नाही, कुणाचं धोरण नाही. जो तो फक्त शेजाऱ्याला टोपी घालत होता. आणि मधली रास बघता बघता बसत चालली होती, डावीकडं आणि उजवीकडं पसरत.

मी खांबाला धरलं नसतं तर पडले असते. माझा स्फटिक! मांडवात! फेटे घालून! एकूण बेरीज कायम, व्यवहार फक्त शेजाऱ्याशी, आणि तापलेला तर असा की घाम निथळत होता. एका वाढप्याला दया आली आणि तो लाडू उचलायला वाकला, तेव्हाच मी ते प्रसिद्ध वाक्य ओरडले.

आबा धावत आले. "काय झालं गं? ऊन लागलं का?"

"आबा," मी त्यांचा दंड धरला, घरात असं कुणी कधी केलं नव्हतं. "हितं हुबं ऱ्हावा. काय बी बोलू नका. फकस्त पत्रावळी बगा. मी तितं जाऊन हेच करनार हाय."

आबा उभे राहिले. आधी त्यांना काहीच दिसेना. मग एक लाडू सरकलेला दिसला. मग दुसरा. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, कारण त्यांचा हुकूम त्यांच्या नाकासमोर पायदळी तुडवला जात होता आणि तुडवणाऱ्यांत त्यांचा व्याही पहिला होता. मला वाटलं, आता गरजतात. पण ते गरजले नाहीत. बघत राहिले.

"म्हंजी लाडू म्हंजी त्ये तुजं स्पिन," ते हळू म्हणाले.

"जास्तीचं 'वर'."

"आनि कुनी सांगत न्हाई, तरी त्ये पसरतंयच."

"पसरतंयच."

आबांच्या कपाळावर आठी उठली, पण ती रागाची नव्हती. वाजंत्रीवाले गल्लीच्या तोंडाशी बसून एकामागून एक चाली वाजवत होते. मी म्हटलं, "मगाशी येक चाल हुईपतोर लाडू मदनं पैल्या खांबापतोर आले. आता सांगा, दुसऱ्या खांबापतोर कवा जातील?"

"दुप्पट लांब. आनिक येक चाल. दोन चालीत पोचलं."

"त्ये चालत जानाऱ्या जवानाचं, आबा. हे चालत न्हाईत. येक पाऊल म्होरं, येक म्हागं, आसं डुलत्यात. दुप्पट लांब जायला चौपट वेळ लागनार. चार चाली."

"पैज?"

"पैज," मी म्हटलं. विट्याच्या वकिलाचे मामा रांगेतच बसलेले होते. त्यांच्या पत्रावळीवर तीन लाडू होते.

दुसरी चाल संपली. लाडू दोन खांबांच्या मध्ये कुठंतरी घोटाळत होते. आबांनी माझ्याकडं तिरकं पाहिलं. तिसरी चाल सुरू झाली. एक आगाऊ लाडू भर्रकन दुसऱ्या खांबाकडं गेला, पण तसाच परत आला. एका पाहुण्यानं वैतागून एक लाडू खरंच खाऊन टाकला. मी मनात त्याला शिव्या घातल्या. माझी बेरीज बिघडवत होता. मी देवाला हात जोडले, सनईवाल्याला हात जोडले. चौथी चाल संपत आली आणि दुसऱ्या खांबाखालच्या म्हाताऱ्या पाटलांनी खाली पाहून "आरं तिच्या मायला!" असं स्पष्ट म्हटलं. त्यांच्या पत्रावळीवर दोन लाडू होते. पलीकडच्या बाजूच्या दुसऱ्या खांबाखालीही एक होता.

मी उडी मारली. तांब्यातलं पाणी आबांच्या धोतरावर सांडलं. त्यांना ते कळलंही नाही. ते रांगेच्या अगदी शेवटाकडं बघत होते, भावकीतल्या त्या थकलेल्या म्हाताऱ्याकडं, जो साफ पत्रावळीपुढं मांडीवर हात ठेवून वाट बघत बसला होता.

"टोकाला कवा पोचतो?" आबांनी विचारलं. आवाज वेगळाच होता. हळू, पोरासारखा. "त्या शेवटच्या मानसापतोर पोचतो का पर?"

"पोचतो, आबा. लय उशिरा पोचतो आनि थोडाच पोचतो, पर पोचतो. त्यो चौथ्या खांबाखाली बसलाय, म्हंजी..." मी हिशेब केला आणि मला परत हसू फुटलं. "वाजंत्रीवाल्यांच्या सोळा चाली. तवर सांज हुईल."

तेवढ्यात काकी पदर खोचून मांडवात आली. "आवं, बाया उपाशी हायत, नवरी बी उपाशी हाय, आनि तुमची पंगत उठंना झालीया! काय बसून जप चाललाय का?"

आबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. जन्मात दिलेला हुकूम त्यांनी कधी मागं घेतला नव्हता, निदान घरातल्या कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी छाती भरून घेतली.

"पंगत, जैसे थे!" मांडव हादरला. "हुकूम रद्द! हाय तसं ठिवा, आनि उठा!"

आमच्या भागात निम्मे पुरुष फौजेतून आलेले. ते ताडकन उभे राहिले, आणि त्यांना बघून बाकीचे. व्याह्यांनी तर असे हात जोडले की मला त्यांची कीवच आली. उरलेले लाडू दावणीला गेले. बैल ओळीत उभे होतेच.

"सोळा चाली थांबायचं हुतं की," भावकीतल्या एकानं आबांना चिडवलं.

"पोरीनं हिशेब केलाय," आबा म्हणाले. "खोटा न्हाई निगनार."

मग ते सरळ विट्याच्या मामांकडं गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मामांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांना लाडवांतून सुटल्याचा आनंद इतका झाला होता की बाकी काही लागलंच नाही.

हा किस्सा मी सरांना सांगितला तेव्हा ते चष्मा काढून हसले. मग शास्त्राला धरून म्हणाले की अणूंची गंमत याहून मोठी आहे. तिथं कुणी पाहत नाही तोवर लाडू एकाच वेळी तुमच्याही पत्रावळीवर असतो आणि शेजाऱ्याच्याही. मी म्हटलं, सर, हे आबांना सांगू नका, मला गाडीत बसू द्या. आता अगदी अलीकडे मी वाचलं की निव्वळ, निर्मळ रांगेत हे स्पिन माझ्या चौपटीच्या नियमापेक्षा थोडं लवकर पोचतं. इतक्या वर्षांनी लोकांना सापडलं. त्या दुपारी ते मला ठाऊक असतं तर मी पैज हरले असते आणि आज विट्यात चहा करत असते.

ज्येष्ठ संपता संपता आबा मला मिरजेला घेऊन गेले. अंगात फौजेतला कोट, डोक्याला फेटा, खांद्याला ती बाटली. मी वाटभर बडबडत होते. बंगलोरला थंडी कशी असते, तिथली भाषा कशी असते, मी पहिल्या सुट्टीत कधी येईन. आबा हूं हूं करत होते. गाडीला ही गर्दी. बायकांच्या डब्याच्या दारातून ट्रंक आत जाईना, मग आतल्या बायकांनी खिडकीतून ती एकीच्या हातातून दुसरीच्या हातात अशी पार आतपर्यंत नेली. मी जागेवर बसले. आबा खिडकीशी आले.

त्यांनी खांद्यावरून बाटली काढली आणि खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली.

"आबा, ही तुमची..."

"माजी न्हाई." ते फलाटाकडं बघत बोलायला लागले, शब्द मोजून. "ब्रह्मदेशातनं म्हागं येताना आमी रांगंत चालत हुतो. सायेब न्हाई, हुकूम न्हाई. कोन कुटल्या पलटनीचा त्ये बी ठाव न्हाई. पानी संपल्यालं. मी रांगंत शेवटला. तवा म्होरनं ही आली. हातातनं हातात. कुनी सांगितलं नव्हतं. ज्यानं त्यानं घोट घिऊन म्हागं दिली आसनार. माज्यापतोर आली तवा तळाला पानी हुतं."

गाडीनं शिटी दिली.

"मी पिलो. मग द्यावी म्हनून म्हागं बगितलं. म्हागं कुनीच न्हवतं. मग ऱ्हायली माज्याकडं."

तेव्हा मला कळलं की मांडवात ते लाडवांबद्दल विचारत नव्हते. इतके दिवस ज्या हसण्यानं मला धरून ठेवलं होतं ते कुठं गेलं कळेना. मी त्यांचा हात धरला, तो खिडकीच्या गजांतून जेवढा धरता आला तेवढा.

"भरल्याली हाय," आबा म्हणाले. "म्होरं दी." मग नेहमीच्या आवाजात, "चपला झिजल्या की कळीव."

गाडी हलली. आबा सावधानमध्ये उभे होते, दिसेनासे होईपर्यंत.

मी बराच वेळ बाटली मांडीवर धरून रडत बसले. मग बूच उघडून एक घोट घेतला आणि शेजारच्या बाईकडं दिली. तिला मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नव्हती. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, घोट घेतला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, पलीकडच्या म्हातारीला दिली. म्हातारीनं नातीला पाजलं. मग बाटली बोचक्यांच्या आणि डोक्यांच्या आड गेली. मी मागितली नाही, बघत बसले.

बेळगाव यायच्या जरा आधी ती डब्याच्या दुसऱ्या टोकाकडून, निराळ्याच हातांतून, माझ्याकडं परत आली. मी हलवून पाहिली. बेळगावच्या फलाटावर उतरून मी एक कार्ड घेतलं आणि आबांना समजेल असं लिहिलं: बाटली टोकाला पोचली, आबा. तळाला पानी हाय.